सोनेरी महाल : सोने शोधू नका, घर वाचा

१/ छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात हमखास कानी पडणारा प्रश्न : "यात सोने कुठे आहे?" ते दिसत नाही म्हणून माणसे हिरमुसून बीबी का मकबऱ्याकडे वळतात. माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

२/ नावाचा उलगडा छोटा आहे. आत एकेकाळी सोनेरी रंगातील चित्रे होती, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. वास्तू मात्र दगड-चुन्याची. सोने हा तिचा विषयच नव्हे. विषय आहे घर.

३/ कोणाचे घर? ओरछाचा बुंदेला राजा पहाडसिंह मोगलांच्या सेवेत दख्खनेत आला. १७व्या शतकाच्या मध्यास त्याने डोंगराच्या पायथ्याशी हे निवासस्थान उभारले. भोवतालची वस्ती आजही पहाडसिंगपुरा म्हणूनच ओळखली जाते.

४/ आता रचना पाहा. उंच जोते, त्यावर दगडी इमारत, महिरपी कमानी, समोर मोकळी बाग, पाठीशी डोंगर. येणाऱ्याने पायऱ्या चढून वर यावे आणि यजमानाने वरून बाग पाहावी, अशी ही मांडणी. शहराचा तट १६८२ चा, म्हणजे महालाहून सुमारे तीन दशकांनी धाकटा. हे घर तटाच्या आडोशाने बांधलेलेच नाही.

५/ इंग्लंडमध्ये उमरावांच्या अशा घरांना 'कंट्री हाऊस' म्हणतात. २०व्या शतकात तेथे ती शेकडोंनी पाडली गेली. अखेर १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या नष्ट झालेल्या घरांचेच प्रदर्शन भरवले. समाजाला आपण काय गमावले ते छायाचित्रांतून पाहावे लागले.

६/ आपण त्याच वाटेवर आहोत. नवरात्रात करणपुऱ्याच्या यात्रेला आपण जातो. हा 'करण' म्हणजे बिकानेरचा राजा करणसिंह, हे किती जणांना ठाऊक आहे? पदमपुरा त्याच्या पुत्राचा, पदमसिंहाचा. भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंह हाडाचा. नावे जिभेवर राहिली; त्या नावांची घरे कोणी शोधली?

७/ यावर ठरलेला प्रतिवाद येतो : "मोगलांच्या चाकराचे घर, आपल्याला त्याचे काय?" मित्रहो, १६६५ चा पुरंदरचा तह आपण तोंडपाठ म्हणतो. शिवरायांसमोर बसलेला मिर्झाराजा जयसिंह याच सरदारी जगातला होता. प्रतिपक्ष कसा राहत होता, कोणत्या थाटात वावरत होता, हे न जाणता महाराजांच्या मुत्सद्देगिरीचे मोल कसे कळणार? इतिहास ही आवडत्या माणसांची यादी नव्हे.

८/ आज महालात राज्य शासनाचे संग्रहालय आहे. आपण काचेच्या कपाटातील वस्तू पाहतो आणि ज्या भिंतींनी त्या सांभाळल्या त्यांच्याकडे पाठ करतो. वेरूळ-अजिंठा महोत्सवात तर हा महाल रोषणाईत न्हालेला पडदाच ठरला. पडद्याची दुरुस्ती कोणी मागत नाही. दुरुस्ती मागितली जाते ती घराची.

९/ किल्ल्यांसाठी आपण मोहिमा काढतो, ते योग्यच. पण किल्ला युद्ध सांगतो आणि मकबरा मृत्यू. रोजचे जगणे सांगायला घरच लागते. म्हणून पुढच्या भेटीत सोने विचारू नका. जोत्यावर उभे राहा, बागेकडे पाहा, कमानी मोजा, कुठे चुना निखळला आहे ते टिपून ठेवा. आणि आपल्या गावात एखादा जुना वाडा उभा असेल, तर तो पडण्याआधी त्याचा आराखडा कागदावर उतरवा.