मंगल फॉन्टवाले जोशी सर

शनिवारी संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोरवर मैत्रीण भेटली. हातात भाजलेलं कणीस आणि चेहऱ्यावर सोमवार सकाळ! "काय झालं गं?" म्हटलं, तर मॅडमना प्रमोशन मिळतंय. टीम लीड. पगारात घसघशीत वाढ. अडचण एवढीच, की यापुढे शनिवारही ऑफिसचा. आणि शनिवार म्हणजे तिचा सुलेखनाचा क्लास.

ही बाई प्रॉडक्ट डिझायनर आहे. ॲपमधलं बटण कुठे हवं, फॉर्म भरताना लोक नेमके कुठे वैतागतात, हे शोधणं तिचं काम. तिची आई मात्र शेजारच्या काकूंना अजून "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. ऐरोलीचं ऑफिस सुटून ठाणे-वाशी लोकलने घरी येईपर्यंत आठ वाजतात. "बोरू धरून काय मिळणार आहे मला?" ती म्हणाली. "अठ्ठावीसची झाले. आता नाही तर कधी पुढे जाणार?"

तेव्हा मी तिला र. कृ. जोशींबद्दल सांगितलं. मंडळी, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांचं काम तुमच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेलंय. विंडोजवर मराठी टाइप करताना फॉन्टच्या यादीत 'मंगल' दिसायचा ना? तो त्यांचाच. विंडोज 2000 सोबत तो घरोघरी आणि ऑफिसाऑफिसांत पोचला.

जोशी सरांचा जन्म 1936 चा. मुंबईत जे. जे.मध्ये कलेचं शिक्षण, मग जाहिरातीची नोकरी. 'उल्का'मध्ये त्यांनी वीसेक वर्षं काढली. डेडलाइन, क्लायंट, "उद्या सकाळी पाहिजे", म्हणजे आपलंच आयुष्य! पण जीव अडकला होता अक्षरांत. सुलेखन, भारतीय लिपींचा अभ्यास, अक्षरांच्या मांडणीतूनच घडणाऱ्या कविता असं सगळं चालू होतं. आता सांगा, कविता कुठला क्लायंट मागतो?

1983 साली त्यांनी जाहिरात सोडली आणि पवईच्या आयआयटीत, आयडीसीमध्ये शिकवायला लागले. वय सत्तेचाळीस! त्यानंतर एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत फॉन्टचं काम. मंगल विंडोजमधून आला तेव्हा सर चौसष्टचे होते.

आणि फॉन्ट म्हणजे नुसती सुबक अक्षरं नव्हेत हं. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी, पण स्क्रीनवर वेलांटी आधी दिसायला हवी. एकटा र बघा. 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी येतो. हे सगळं यंत्राला शिकवायचं आणि वर बारीक आकारातही वाचता येईल असं ठेवायचं. लोक कुठे अडतात ते ओळखून अडचण गुपचूप दूर करायची. माझी मैत्रीण ऐरोलीत दुसरं काय करते?

पुढे विंडोज 8 पासून स्क्रीनवरच्या देवनागरीसाठी 'निर्मला' फॉन्ट आला आणि मंगल मागे पडला. प्रॉडक्टचं असंच असतं. पण सरकारी टायपिंग परीक्षांच्या तयारीत 'मंगल' हा शब्द आजही कानावर पडतोच. जोशी सर फेब्रुवारी 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेले.

"म्हणजे मी प्रमोशन सोडू?" मैत्रिणीने कणसाचा बुडखा कचरापेटीत टाकत विचारलं.

असं कोण म्हणतंय? घराचा हप्ता कवितेने फिटत नाही. प्रत्येक छंदातून फॉन्ट निघतो असंही नाही. बहुतेकांतून काहीच निघत नाही. पण पंचवीस-तीसच्या वयात आपण "आता नाही तर कधी"चा जो धोशा लावतो ना, तो जरा तपासून बघायला हवा. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना नवीन वाट धरता आली, कारण मधल्या वर्षांत अक्षरांचा हात त्यांनी मोडू दिला नव्हता.

मंगळवारी रात्री तिचा मेसेज आला. "बॉसशी बोलले. महिन्यातले दोन शनिवार माझे. वाढ ठरल्यापेक्षा कमी. आई चिडलीये."

खाली एक फोटो होता. बोरूने लिहिलेला एकच र, चार तऱ्हांनी. तिसरा जरा बिघडलाय, पण तिला सांगू नका!