कोळशाचा धडा घाटंजीच्या शाळेत कोण शिकवणार?

दहावीच्या कुठल्याही पोराला विचारून बघा, भारतात कोळसा कुठं सापडतो? पटकन सांगेल, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड. हुशार असेल तर झरिया आणि राणीगंजही सांगेल. आता त्यालाच विचारा, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुठं सापडतो? बरेचसे एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. वणी तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा ही खाणींची नावं आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा तरी येतात. पण पोरांच्या वहीत ती येत नाहीत, कारण परीक्षेत ती विचारत नाहीत.

मला माहीत आहे, लगेच प्रश्न येईल की भाऊ, घाटंजीचा आणि कोळशाचा संबंध काय? आपल्या तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन. खाण एकही नाही. बरोबर आहे. म्हणूनच मुद्दाम लिहितो आहे. वणीच्या पोराला कोळसा शिकवावा लागत नाही, तो त्याच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतो. शिकवायची गरज आपल्याला आहे.

संबंध पहिला, लाईट बिल. देशातली साधारण सत्तर टक्के वीज कोळशावर होते. आपल्या शेजारचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, आणि त्याचं पोट वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर चालतं. कोळशावरच्या एका युनिटला मोटामोटी साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे ज्या घराचं बिल महिन्याला १०० युनिटचं आहे, त्या घरासाठी ६५ किलोच्या आसपास कोळसा जळतो. सिमेंटची सव्वा पोती समजा. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण तीस ते चाळीस टक्के, म्हणजे वीस-पंचवीस किलो राख मागं उरते. ती कुठं जाते? हा सातवीच्या गणिताचा प्रश्न आहे. घरचं बिल आणायला सांगा, फळ्यावर गुणाकार करा. रात्री बारा वाजता मोटर सुरू करायला वावरात जाणाऱ्या बापाचं पोरगं या तासाला झोपणार नाही, याची खात्री देतो.

संबंध दुसरा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या तालुक्यात गोंड आणि कोलाम समाज मोठा आहे. आश्रमशाळा आहेत. त्यातल्या किती लेकरांना कुणी सांगितलं असेल की जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात त्यांच्या पूर्वजांचं नाव छापलेलं आहे? वणी-चंद्रपूरचा कोळसा ज्या खडकांत आहे, त्यांना 'गोंडवाना' खडक म्हणतात. १८७० च्या दशकात भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी गोंडांच्या राज्यावरून हे नाव दिलं. पुढं एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका जोडलेल्या पुरातन महाखंडालाच गोंडवाना-लँड म्हटलं. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी या भागात दलदलीची जंगलं होती, ती गाळाखाली दबली आणि त्यांचा कोळसा झाला. नंतर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला आणि त्या दगडाची आपली काळी माती झाली. कापूस पिकवणारं काळं वरचं, वीज देणारं काळं खालचं. हे सगळं आपल्याच जिल्ह्यात, आणि पोरं पाठ करतात दामोदर खोरं!

संबंध तिसरा, रोजगार. आपल्याकडचे पोट्टे आयटीआय करतात, ड्रायव्हिंगचं लायसन काढतात आणि वणी-चंद्रपूरकडं काम शोधायला जातात. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिची वेकोलि ही कंपनी आली. त्या काळात लागलेला माणूस कायम नोकरीतला, क्वार्टर आणि पेन्शनवाला. आज मातीकाम आणि वाहतुकीचा मोठा भाग कंत्राटदारांकडं आहे. तिथं डंपरवर बसणाऱ्या पोराला माहीत असावं लागतं की अठरा वर्षांखालील कोणालाही खाणीत कामाला लावता येत नाही, काम सुरू करण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि पीएफ कापला जातो की नाही हे आपलं आपण तपासायचं असतं. हे कोण सांगणार? गेटवरचा मुकादम तर सांगणार नाही.

संबंध चौथा, पैसा. कोळशावर राज्याला १४ टक्के रॉयल्टी मिळते. २०१५ पासून कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्याआधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी वेगळी रक्कम त्यात भरावी लागते. समजा एक टन कोळशाची किंमत २००० रुपये धरली, तर रॉयल्टी २८० आणि प्रतिष्ठानचे ८४ रुपये. एका ट्रकमागं किती, दिवसाला किती, हे पोरांना काढू द्या. २०२४ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित, २५ पर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. घाटंजी या वर्तुळात बसत नाही, तेव्हा हा पैसा आपल्याला का नाही म्हणून मी रडत नाही. धूळ खातात ते, पैसा त्यांनाच मिळावा. पण मिळतो का, कशावर खर्च होतो, पिण्याचं पाणी आणि दवाखाना आधी की गेट-कमानी आधी, हे विचारणारा नागरिक जिल्हाभर लागतो. तो शाळेत तयार होतो.

आता शिकवायचं कसं? इथं मला थोडं स्पष्ट बोलू द्या. कोळशाचे दोन धडे तयार मिळतात. एक कंपन्यांचा, त्यात कोळसा म्हणजे देशाची प्रगती, रंगीत फोटो, शेवटी झाड लावणारे साहेब. दुसरा आंदोलनांचा, त्यात कोळसा म्हणजे फक्त विनाश. दोन्हीत थोडं खरं आहे आणि दोन्ही अर्धे आहेत. पोरांना अर्धं शिकवणं हे न शिकवण्यापेक्षा वाईट.

खाणीत जमीन गेली की कोल इंडियाच्या धोरणानुसार दोन एकरांमागं एक नोकरी धरतात. त्या नोकरीनं वणी भागात कित्येक घरं उभी राहिली, पोरी इंजिनिअर झाल्या. हे खरं. दोन एकर नव्हते म्हणून पैसे घेऊन मोकळे झालेले आणि पैसा संपल्यावर दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेलेलेही आहेत. हेही खरं. ज्याला वावरच नव्हतं, त्या शेतमजुराला नोकरी कुठून मिळणार? खाणीच्या कडेच्या कापसावर धूळ बसते आणि भावात मार खातो, हे खरं. मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपांत वाघ फिरतो, हेही खरं. आणि तो कोळसा उद्या बंद झाला तर घाटंजीतला पंखा बंद पडेल, हेही तितकंच खरं. या सगळ्या गोष्टी एकाच तासाला फळ्यावर याव्यात.

म्हणून माझं म्हणणं, वेकोलिचा अधिकारी शाळेत जरूर बोलवा. पण त्याच बाकावर जमीन गेलेला शेतकरी बसवा, कंत्राटी डंपर ड्रायव्हर बसवा, आपला महावितरणचा वायरमन बसवा. प्रश्न पोरांना विचारू द्या. सावनेरला वेकोलिनं इको पार्क आणि खाण पर्यटन सुरू केलं आहे. नाहीतरी सहली शेगाव नाहीतर वॉटर पार्कला जातातच, एखादी तिकडं न्या. येताना खाणीशेजारचं एखादं गावही दाखवा.

काही जण म्हणतील, मास्तरांच्या डोक्यावर आधीच ऑनलाईन माहिती, खिचडी, निवडणुका. मान्य आहे. नवा विषय नकोच. भूगोलाचा एक तास, गणिताचा एक, इतिहासाचा एक. इतिहासात वरोऱ्याची खाण सांगा. १८७० च्या दशकात सरकारनं ती सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली. १९०६ मध्ये खाण बंद पडली. रूळ राहिले, गाव राहिलं, कोळशाचं काम गेलं.

ही गोष्ट जुनी वाटत असेल तर पुढचं ऐका. भारतानं २०२४-२५ मध्ये पहिल्यांदा वर्षाला १०० कोटी टनांच्या वर कोळसा काढला. त्याच भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन जगाला दिलं आहे. आज सहावीत बसलेलं पोरगं २०७० ला साठीच्या घरात असेल. म्हणजे कोळशाचा सगळ्यात मोठा काळ आणि त्याचा उतार, दोन्ही याच पोरांच्या आयुष्यात येणार. वणीतल्या खाणी मिटतील तेव्हा त्या खड्ड्यांचं काय, त्या कामगारांचं काय, शेतपंपाला दिवसा सौर वीज मिळणार की नाही, हे निर्णय तेच घेतील किंवा त्यांच्या वतीनं दुसरं कुणी घेईल. अडाणी ठेवलेल्या जिल्ह्याच्या वतीनं नेहमी दुसरंच कुणी घेतं.

शिक्षक मित्रांनो, मुख्याध्यापक मंडळी, सरकारी आदेशाची वाट नका बघू. येत्या एखाद्या शनिवारी फक्त एक करा. पोरांना घरचं लाईट बिल आणायला सांगा.