गालांचा भराव आणि कायद्याची पोकळी

चांदणी चौक ओलांडून पश्चिमेस गेले की लागणारे बावधन हे काही दशकांपूर्वीपर्यंत मुळशी तालुक्यातील एक शेतीचे गाव होते. बावधन खुर्द आधीच पुणे महापालिकेत गेले होते. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पालिकेच्या हद्दीत आली, त्यांत बावधन बुद्रुकही होते. गावाचे शहर होऊ लागले की प्रथम जमिनीचे भाव बदलतात आणि मागोमाग रस्त्यावरच्या पाट्या बदलतात. किराणा, औषधे आणि शिकवणीवर्ग यांच्या पाट्यांच्या जोडीने आता येथे त्वचा व सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांच्या पाट्या झळकतात. चाळिशी-पन्नाशीत बसलेली गालफडे भरून देणे, ओघळलेली हनुवटी वर उचलणे, डोळ्यांखालची खोल छाया नाहीशी करणे ही कामे तेथे तासाभरात होतात, आणि त्यासाठी मासिक हप्त्यांची सोयही केली जाते.

हा विषय वृत्तपत्राच्या या पानावर घेण्याइतका गंभीर नाही, असे काहींना वाटेल. श्रीमंतांची ही हौस आहे, ती त्यांनी खुशाल भागवावी, असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. परंतु या दवाखान्यांची पायरी आता केवळ श्रीमंतच चढतात असे नाही. शिक्षिका, बँकेतील कर्मचारी, संगणक कंपन्यांतील मध्यमवयीन नोकरदार असा वर्ग तेथे जाऊ लागला आहे. तेथे टोचली जाणारी सुई ही वैद्यकाची सुई असते आणि तिचे धोकेही वैद्यकाचेच असतात. असे असूनही शासनाच्या लेखी हा व्यवहार वैद्यकही नाही आणि धड व्यापारही नाही. सारा प्रश्न या पोकळीचा आहे.

चेहरा का उतरतो?

मध्यम वयात चेहऱ्यात जो बदल होतो, तो केवळ कातडीचा नसतो. गालांखाली चरबीच्या लहान-लहान गाद्या असतात. त्या वयानुसार झिजतात आणि खाली सरकतात. त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल होतात. डोळ्यांच्या खोबणीची व जबड्याची हाडेही हळूहळू झिजत असल्याने वरच्या आवरणाचा आधारच कमी होतो. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्वचेतील कोलॅजन झपाट्याने घटते. ऊन आणि तंबाखू ही झीज वाढवतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे व त्याची चर्चा क्वचितच होते. मिशरी, तंबाखू आणि हिरड्यांचे विकार यांमुळे दात लवकर पडतात आणि दात गेले की ओठ व गाल आत ओढले जातात. अशा माणसाला नीट बसवलेली कवळी जेवढा चेहरा परत देईल, तेवढा कोणतेही महागडे इंजेक्शन देणार नाही.

म्हणूनच चेहरा उतरला या तक्रारीचे पहिले उत्तर तपासणी हे आहे. काही महिन्यांत गाल खोल गेले असतील तर त्यामागे क्षय असू शकतो, मधुमेह असू शकतो, थायरॉइड ग्रंथीचा विकार असू शकतो. चेहऱ्याची एकच बाजू अचानक ओघळली तर तो वयाचा परिणाम नसून पक्षाघाताची खूण असण्याचा संभव असतो. वैद्य असेल तो याची चौकशी करील. विक्रेता असेल तो दरपत्रक पुढे करील. या दोघांतील फरक ग्राहकाला पाटीवरून कळत नाही, हीच खरी अडचण आहे.

उपचारांचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. बोटॉक्स स्नायू तात्पुरते शिथिल करते. त्याने कपाळावरच्या आठ्या जातात, गाल भरत नाहीत. आणि तो परिणामही सुमारे ३ ते ४ महिनेच टिकतो. गाल भरण्यासाठी बहुधा हायल्युरोनिक ॲसिडचे 'फिलर' टोचतात. ते साधारण सहा महिने ते दीड वर्षात विरघळते. स्वतःच्याच पोटाची अथवा मांडीची चरबी काढून गालांत भरणे हा दुसरा मार्ग होय. कातडी फारच ओघळली असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. लहरींच्या यंत्रांनी होणारा फरक माफकच असतो. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्या भागाची त्वचा मरते. ते डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचले तर दृष्टी जाते आणि ती सहसा परत येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ च्या मे महिन्यात या धोक्याचा जाहीर इशारा दिला होता. असे प्रसंग विरळा असतात हे खरे. परंतु ते ओढवल्यास फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेज हे औषध तत्काळ, हाताशी आणि ते वापरता येणाऱ्या माणसाजवळ असावे लागते.

पुण्याचा वारसा

चेहऱ्याच्या शल्यकर्माची पुणे परिसराला नवलाई नाही. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका जाणकाराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी वळवून, त्याला नवे नाक बसवून दिले. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातील आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचे नाव आले ते असे.

विसाव्या शतकात डॉ. नोशीर अंटिया यांनी ही परंपरा वेगळ्या उंचीवर नेली. इंग्लंडमध्ये प्लॅस्टिक सर्जरीचे शिक्षण घेऊन आलेल्या या शल्यविशारदाने पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम आरंभले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी या शास्त्राचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी सुजते आणि रोग हटल्यावर सैल पडून लोंबते. तिशीतला माणूस साठीचा दिसू लागतो. रोग बरा झाला तरी चेहरा त्याची जाहिरात करीत राहतो. त्यामुळे गावात जागा नाही आणि कामही नाही. सैल कातडी आवळून घेण्याची, आज सौंदर्याच्या नावाने विकली जाणारी शस्त्रक्रिया अशा माणसाला पुन्हा समाजात उभे करी.

या दोन्ही उदाहरणांचा अर्थ स्पष्ट आहे. चेहरा सुधारणे हे मुळात चैनीचे काम नव्हे. माणसाची ओळख आणि रोजगार चेहऱ्याशी जोडलेले असतात, म्हणून ते वैद्यकाचे काम आहे. तेव्हा पन्नाशीच्या गृहिणीला वा कारकुनाला आपला चेहरा सुधारावासा वाटला तर त्यावर नीतीचे प्रवचन झोडण्याचे कारण नाही. केस काळे करणाऱ्या समाजाने गाल भरणाऱ्याला हसावे, हा दांभिकपणा झाला.

ज्यांना खरी गरज होती

परंतु याच इतिहासाचे एक अलीकडचे पान मन विषण्ण करणारे आहे. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला. जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक होते. ही औषधे स्वस्तात उपलब्ध होण्यामागे मुंबईच्या सिप्ला कंपनीचा मोठा वाटा होता आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. मात्र त्या काळच्या औषधांत स्टॅव्ह्युडीन हे एक होते. दीर्घकाळ घेतल्यास ते गालांची चरबी झिजवी. जीव वाचला, पण गालफडांवरून शेजारीपाजारी रोग ओळखू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली ती २००९ च्या नोव्हेंबरात.

योगायोग असा की २००४ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या इंजेक्शनाला परवानगी दिली, ती नेमकी एचआयव्हीबाधितांचे बसलेले गाल भरण्यासाठी. तेच द्रव्य आज मध्यमवयीनांच्या तारुण्यासाठी शहरोशहरी विकले जाते. ज्यांच्यासाठी ते प्रथम मान्य झाले, त्या आपल्याकडच्या गरिबांच्या हाती ते पडले नाही. स्टॅव्ह्युडीन घेऊन जगलेली ती माणसे आता स्वतः मध्यम वयात आहेत आणि झिजलेली चरबी पूर्णपणे भरून येतेच असे नाही. उपचार गरजेच्या मागे न जाता पैशाच्या मागे गेला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

शासन कोठे आहे?

शासन या क्षेत्रात अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. कर घेण्यापुरते ते आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा वैद्यकीय सेवेला करमाफी मिळाली, पण सौंदर्यशल्यकर्माला त्यातून वगळण्यात आले. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांवरील शस्त्रक्रियांचा तेवढा अपवाद केला गेला. आजाराने वा औषधाने बिघडलेल्या चेहऱ्याचा त्या अपवादात शब्दशः उल्लेख नाही. म्हणजे तिजोरीच्या दृष्टीने ही चैन आहे. मग निदान चैनीच्या मालाची जेवढी तपासणी होते तेवढी तरी येथे व्हावी! प्रत्यक्षात तीही होत नाही.

वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि त्याची रचना रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांना समोर ठेवून झालेली आहे. जेथे खाटच नाही, खुर्चीवर बसवून अर्ध्या तासात सुई टोचून घरी पाठवले जाते, तो दवाखाना या चौकटीत नीट बसत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्योपचार व केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत वा यूट्यूबवर पाहून आलेले ज्ञान हे अशा उपचारांसाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे, हे त्यांत स्पष्टपणे सांगावे लागले, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. पण सूचना डॉक्टरांना लागू होतात. डॉक्टर नसलेल्यांवर आयोगाचा अंकुश चालत नाही. जाहिरातींचेही तसेच. २००२ ची आचारसंहिता डॉक्टरांना जाहिरातबाजीस मनाई करते. ज्या कंपन्यांच्या नावे दवाखान्यांच्या साखळ्या चालतात त्यांना ती बांधत नाही. जो नियम पाळतो तो गप्प आणि जो पाळत नाही त्याची पाटी मोठी, असा हा न्याय आहे.

यावर करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. खाटा असोत वा नसोत, जेथे शरीरात सुईने द्रव्य सोडले जाते त्या प्रत्येक जागेची महापालिकेकडे नोंद हवी. सुई धरणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक दर्शनी भागात मराठीत लावलेला हवा. टोचलेल्या द्रव्याचे नाव व उत्पादन क्रमांक ग्राहकाच्या हाती लेखी पडला पाहिजे. धोका ओढवल्यास लागणारी औषधे जागेवर असल्याची तपासणी व्हावी. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके सांगून मगच संमती घ्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच दिला आहे. इंग्रजीतल्या छापील कागदावर घाईने घेतलेली सही ही त्या निकालाची थट्टा होय. आणि ज्यांचा चेहरा कुष्ठरोगाने, एचआयव्हीच्या औषधाने किंवा अपघाताने बिघडला आहे, त्यांच्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे उपचार मोफत उपलब्ध असावेत. डॉ. अंटियांच्या महाराष्ट्राला हे अशक्य म्हणण्याचा अधिकार नाही.

कायद्याच्या पलीकडचा एक प्रश्न उरतो. पंचेचाळिशीचा सुशिक्षित माणूस आपल्या चेहऱ्याला इतका का भितो? हौस हे त्याचे अपुरे उत्तर झाले. खासगी नोकरीत वयावरून भेद करू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. नोकरकपातीची चाहूल लागली की अनुभवी माणूस प्रथम आपला पगार आठवतो आणि मग आरशात पाहतो. घराचे हप्ते वीस वर्षांचे असतात आणि नोकरीची शाश्वती वीस महिन्यांचीही नसते. शिक्षिकेच्या वा स्वागतिकेच्या बाबतीत तर तिच्या कामाआधी तिच्या चेहऱ्याचे मोजमाप होते. अशा वेळी गाल भरून घेणे हा दिखाऊपणा राहत नाही. तो नोकरी टिकवण्याचा एक खर्च बनतो आणि तो दरवर्षी करावा लागतो.

शासनाने दवाखान्यांची नोंदणी केली तर ग्राहकाची दृष्टी आणि त्वचा वाचेल. तेवढे काम तातडीने व्हावे, त्यासाठी एखाद्या दुर्घटनेची वाट पाहू नये. पण वय वाढणे हाच जेथे नोकरदाराचा अपराध ठरतो, तेथील भीतीवर कोणत्याही सुईत औषध नाही. त्यासाठी कामगार कायद्यांचा विचार करणाऱ्यांनी आणि कामावर ठेवणाऱ्यांनीच आपली दृष्टी तपासून घेतली पाहिजे.