आधी विचारा, मग सांगा

घरी नळ दुरुस्त करायला प्लंबर येतो. तो काही सांगू लागला की तुम्ही त्याला मध्येच तोडता का? तोडत असाल, तर जयपूरची ही हकीकत ऐका.

‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाचे नाव तुमच्या कानावर आले असेल. 1968च्या सुमारास तो तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात घडला. डॉ. प्रमोद करण सेठी परदेशात शिकून आलेले हाडांचे डॉक्टर. रामचंद्र शर्मा शाळा फारशी न शिकलेले कारागीर, सगळ्यांचे मास्टरजी. तेव्हाचे कृत्रिम पाय विलायती पद्धतीचे, बुटात घालायचे. ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, अनवाणी शेतात उतरता येत नसे. आपल्या माणसाला असा पाय काय कामाचा? मास्टरजींच्या हातांनी रबराचे, अनवाणी चालता येईल असे पाऊल घडवले. शरीर कसे हलते, ते डॉक्टरांनी समजावले. दोघांपैकी एकालाही ते एकट्याने जमले नसते.

डॉक्टर आपली विद्या सोडून बसले नाहीत, हे लक्षात घ्या. नम्र व्हा म्हणजे कुणाच्याही पुढे मान तुकवा, असे मी सांगत नाही. आपल्याला जे ठाऊक नाही ते दुसऱ्याला ठाऊक असू शकते, एवढे मनात ठेवा.

म्हणून आजपासून एक करा. सूचना देण्याआधी एक प्रश्न विचारा. मोलकरणीला विचारा, ‘ताई, हे कसे केले तर तुम्हाला सोपे जाईल?’ आजारी सासऱ्यांना विचारा, ‘पलंग कुठे हवा?’ मुलाने मोबाइलमधले काही शिकवले, तर ‘मला येते’ म्हणू नका. शांतपणे शिकून घ्या. उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. सगळ्यात अवघड तेच आहे. आपल्याला बोलायची घाई असते, आणि त्या घाईत पैसा वाया जातो, माणसे दुखावतात. एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी चूक दिसली तरी सांगत नाही. नुकसान तुमचेच होते.

आणि श्रेय द्या, नाव घेऊन द्या. 1981मध्ये मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण मास्टरजींचे नाव किती जणांना ठाऊक आहे? तुमच्या घरात, कचेरीत, सोसायटीत असे मास्टरजी नक्की आहेत. पुढच्या वेळी कुणी तुमच्या कामाचे कौतुक केले, की त्यांचे नाव चार लोकांसमोर, त्यांना ऐकू जाईल असे घ्या.