परतलेल्या ई-पत्रांचा दोष कोणाचा?

मेलिंग लिस्टमधील निरुपद्रवी सभासदांची नावे एकाएकी स्थगित झाली, तर त्यांच्या मेलबॉक्सला बोल लावण्यापूर्वी प्रेषकाचा पत्ता पाहावा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्क धोरण कडक केले : आमच्या नावाचे, परंतु पडताळणीत न टिकणारे पत्र नाकारावे. ‘मेलमन’ मात्र पत्राला तळटीप जोडतो; त्यामुळे मूळ डिजिटल सही मोडते. शिवाय पत्र याहूच्या नव्हे, लिस्टच्या सर्व्हरवरून निघते. जीमेल ते परतवते आणि मेलमन त्याचा ठपका घेणाऱ्याच्याच खाती मांडतो. न्याय उलटाच! सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘५५० ५.७.२६’ आढळल्यास मेलमनच्या डीमार्क विभागात प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याचा पर्याय निवडावा. मग स्थगित नावे पूर्ववत करावीत.