दुरुस्ती की प्रक्षेप?

जुनी मनगटी घड्याळे उघडून, साफ करून पुन्हा चालती करण्याचा छंद आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. त्याचे आम्हांस कौतुकच वाटते. परंतु या छंदाच्या नावाखाली जे चालते त्यातील बराच भाग दुरुस्ती नव्हे, प्रक्षेप आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांचे दिवस पाठभेदांच्या विचारात जातात त्या साहित्याच्या अभ्यासकांनी तरी या दोहोंत गल्लत करू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एचएमटीचे 'जनता' हे घड्याळ घ्या. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ सालची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळुरात सुरू झाला. 'जनता' चावीचे, १७ ज्युएलचे. तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. आज जुने 'जनता' शोधू जाल तर मूळ तबकडीपेक्षा कितीतरी भडक, नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळे पुढ्यात येतात. रंग कारखान्याने कधी न वापरलेला, अक्षरांचे वळण भलतेच, आणि वर 'जुने, अस्सल, नूतनीकृत' ही बिरुदावली. परदेशी संग्राहक अशा मालाला उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराच्या नावाने ही शिवी रूढ व्हावी, याची खंत आपल्यापैकी कितीजणांना वाटते?

वास्तविक हा छंद शिकणे म्हणजे वाचायला शिकणे होय. आधी कमानीतला ताण उतरवायचा, मग बॅलन्स काढायचा, मग पॅलेट, मग चक्रांची मालिका. वाळून गोंद झालेले तेल कोठे साचले आहे, कोणत्या चक्राच्या आसाचे टोक झिजले आहे, कोणता स्क्रू मूळचा आणि कोणता पुढे कोणी बळेच बसवलेला, हे भिंगातून ओळखावे लागते. तेल कोठे द्यायचे याइतकेच कोठे द्यायचे नाही, हेही कळावे लागते: पॅलेटच्या खड्यांना सूक्ष्म थेंब, पण त्याच पॅलेटच्या आसाची टोके सहसा कोरडी ठेवतात. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पूर्वीच्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या तारखा आणि खुणा सापडतात. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक जी पुष्पिका लिहितो, तिचेच हे भावंड. झाकण आतूनबाहेरून घासून लखलखीत करणारा हौशी माणूस ही पुष्पिका पुसून टाकतो, आणि आपण काही पुसले याचा त्याला पत्ताही नसतो.

तबकडीचे तर याहून नाजूक. तिच्यावरील छपाई इतकी पातळ असते की ओल्या कापसाने पुसतानाही कारखान्याची अक्षरे निघून येऊ शकतात. एकदा ती गेली की गेली. तेल पुन्हा देता येते, कमान बदलता येते, काच नवी बसवता येते. हे भाग झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठीच असतात. तबकडी मात्र साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या तोंडी नवे शब्द घालणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे डागांचे फाजील कौतुक आहे. तसे मुळीच नाही. गंजाची पूजा करणारे आणि वाडवडिलांचे घड्याळ बंद अवस्थेत काचपेटीत ठेवून हळवे होणारे आम्हांस तितकेच अमान्य आहेत. चालू शकणारे घड्याळ चालले पाहिजे. पण सुकलेल्या तेलावर ते चालवणे म्हणजे त्याचे आस रोज थोडे थोडे खाणे होय. दुसरा आक्षेप असा की, आजोबांच्या घड्याळाची तबकडी रंगवून घेण्याचा नातवाला अधिकार नाही काय? आहे. रंगवणाऱ्या कारागिराचे कौशल्यही खरे आहे, त्याच्या पोटावर आम्हांस पाय द्यायचा नाही. आमचे भांडण आहे ते रंगवलेले लपवून अस्सल म्हणून विकणाऱ्याशी आणि जाणूनबुजून ते खपवून घेणाऱ्या हौशी मंडळींशी. एकाची केस, दुसऱ्याचे मशीन, तिसऱ्याचे काटे आणि वर ताजी तबकडी, असे एक 'सुंदर' घड्याळ उभे करताना तीन जुनी घड्याळे फोडली जातात. कारखाना बंद झाल्यावर ही हानी भरून यायची नाही.

'आम्ही शुद्धच करतो' असे म्हणणाऱ्यांनी शुद्धीची आपली परंपरा पाहावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती घुसलेले अपपाठ दूर करण्यासाठी. पदरची भर घालण्यासाठी नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिच्या संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला, टाकलेले पाठभेद खाली दिले, आणि जेथे खात्री नव्हती तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. संपादकाचा प्रामाणिकपणा त्या रेघेत आहे. रंगवलेल्या तबकडीवर अशी रेघ कोठे दिसते?

आणि आपल्या घरातही डोकावावे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर जुन्या मराठी पुस्तकांची किती पुनर्मुद्रणे अनुस्वार काढून, ऱ्हस्वदीर्घ बदलून, आणि हे केल्याचा एका ओळीचाही उल्लेख न करता निघाली? वर्गात तीच 'मूळ संहिता' म्हणून शिकवणाऱ्यांना घड्याळवाल्याकडे बोट दाखवताना थोडा संकोच वाटावा.

तेव्हा हा छंद धरणाऱ्यांकडे आमचे मागणे अगदी थोडे आहे. उघडण्यापूर्वी छायाचित्र घ्या. काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून घड्याळासोबत ठेवा. काय बदलले त्याची चिठ्ठी लिहा, आणि घड्याळ दुसऱ्याच्या हाती देताना ती चिठ्ठीही द्या. तबकडी रंगवली असेल तर तसे आधी सांगा. एवढे ज्याला जमत नाही त्याने घड्याळे जरूर विकावीत. स्वतःला दुरुस्त करणारा मात्र म्हणवून घेऊ नये.