स्टेशन नवे होताना



नगरचे रेल्वे स्टेशन नवे करायचे ठरले आहे. ‘अमृत भारत स्थानक’ योजनेच्या यादीत नगरबरोबर जिल्ह्यातली बेलापूर आणि कोपरगाव ही स्टेशनेही आहेत. ६ ऑगस्ट २०२३ ला देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी एकाच दिवशी उरकली गेली, त्यातली ४४ महाराष्ट्रातली. सरकते जिने, प्रशस्त प्रतीक्षालय, फुकट वायफाय, देखणा दर्शनी भाग असे सगळे योजनेत आहे. त्यात वाईट काहीच नाही. पण अशा चित्रांतल्या ‘आधुनिक प्रवाशा’च्या हातात चाकांची बॅग असते. कडेवर पोर आणि डोक्यावर बोचके घेतलेली बाई तिथे दिसत नाही.

स्टेशनावर येते ती मात्र तीच. दौंड–मनमाड मार्ग १८७८ सालचा. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडची गाडीही नगरला येऊ लागली. या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ मध्ये; तेव्हा जन्मलेली मुलगी आज स्वतःची मुले घेऊन त्या गाडीत बसत असेल!

आधी मुतारीचे बोलू या, कारण सभांमधून ते कोणी बोलत नाही. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने दाखवून दिले की मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे घेतले जातात. नव्या आराखड्यात बायकांचे संडास किती, ते फलाटाच्या कुठल्या टोकाला, रात्री दोनला उघडे असतील का, पाळीच्या कपड्याची विल्हेवाट कुठे लावायची? महिला प्रतीक्षालयाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही, हा तर आपल्यापैकी अनेकींचा अनुभव. संगमरवर नको, किल्ली द्या, असे म्हणावेसे वाटते.

दुसरी गोष्ट टोपलीवालीची. परवान्याशिवाय फेरीने माल विकणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे २०२२ च्या अर्थसंकल्पातून ‘एक स्थानक एक उत्पादन’ आले, त्यात बचत गटांना स्टॉल मिळतात. ते जरूर मागावेत. पण शेंगा-पेरू विकणारी एकटी बाई गटात नसेल तर तिची जागा आराखड्यात कुठे?

जुन्या दगडाची काळजी घेता येते, हे भायखळ्याने दाखवले. त्या स्टेशनाच्या जतनाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. माटुंगा स्टेशन २०१७ पासून बायकांनी चालवले. तेवढीच आस्था वापरणारीविषयी का नसावी? ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला दिले, त्यांनी वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. पाणी आणि निवारा, दोन्ही साध्याच गोष्टी.

म्हणून एक काम सुचवतो आहोत. गटातल्या चार-पाच जणींनी आपल्या जवळच्या स्टेशनावर एक रात्र काढावी, दहापासून पाचपर्यंत. किती बायका उतरल्या, त्या कुठे बसल्या, दिवे कुठे नव्हते, एसटी स्टँडपर्यंत त्या कशा गेल्या, हे वहीत लिहावे. झाडूवाल्या बायकांशीही बोलावे, त्यांना पगार किती हातात पडतो ते विचारावे. नव्या इमारतीचा नकाशा माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. वही आणि नकाशा शेजारी ठेवून निवेदन तयार करा, विभागीय कार्यालयाला द्या आणि एक प्रत आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकात पाने राखून ठेवली आहेत.